साडेअठरा अंशांवरून हिमयुगांकडे : प्रकल्प नोंदी

७ सप्टेंबर २०२४

व्याप्ती ठरली. पृथ्वीची कक्षा आणि पृथ्वीचा अक्ष यांत हजारो वर्षांच्या संथ गतीने जे बदल होतात, त्यांनी घडवलेली हवामानाची चक्रे पुण्याच्या अक्षांशावरून मोजून दाखवायची. या विषयाच्या बहुतेक आलेखांवर ६५ अंश उत्तर असे लिहिलेले असते. त्याला कारण आहे. कॅनडा आणि स्कँडिनेव्हियावरचे बर्फाचे थर त्या पट्ट्यात वाढले आणि वितळले. हिवाळ्यात पडलेला बर्फ उन्हाळ्यात शिल्लक राहिला तरच थर चढत जातो, म्हणून तिथला जूनचा सूर्य निर्णायक. जेम्स क्रोलने एकोणिसाव्या शतकात हिवाळ्यावर भर दिला होता. उन्हाळ्याकडे पाहा, असे व्लादिमिर क्योपेनने सुचवले आणि मिलुटिन मिलान्कोविचने (१८७९–१९५८) त्यावर हातानेच सारे गणित उभे केले.

पुणे मात्र १८.५ अंशांवर आहे. इथे प्रश्न बर्फाचा नसून पावसाचा आहे, आणि इथल्या उन्हाळ्यावर कोणत्या चक्राची पकड किती, याचे उत्तर ६५ अंशांच्या आलेखातून मिळत नाही. ते उत्तर आकड्यांत काढायचे, मग समुद्रतळाचा गाळ आणि गुहांमधले लवणस्तंभ यांच्याशी ताडून पाहायचे.

हाती यायला हवे ते असे: विद्यार्थी स्वतः आकडे बदलून पाहू शकतील अशी एक स्प्रेडशीट, पायथनमधल्या काही छोट्या आज्ञावली आणि चार फलक. मुदत २८ फेब्रुवारी, राष्ट्रीय विज्ञान दिन.

१४ सप्टेंबर २०२४

सूत्र पक्के केले. वातावरणाच्या माथ्यावर एका दिवसात सरासरी किती सौरशक्ती पडते:

(सौर स्थिरांक ÷ ३.१४१५९) × (सरासरी अंतर ÷ त्या दिवसाचे अंतर)² × [ह × साइन(अक्षांश) × साइन(क्रांती) + कोसाइन(अक्षांश) × कोसाइन(क्रांती) × साइन(ह)]

यातला ‘ह’ म्हणजे सूर्योदयापासून मध्यान्हापर्यंतचा कोन. कंसातल्या पहिल्या पदात तो रेडियनमध्येच घालावा लागतो; अंश घातले तर ते पद सत्तावन्नपटीने फुगते. कोसाइन(ह) = −टॅन(अक्षांश) × टॅन(क्रांती). क्रांती (सूर्य विषुववृत्ताच्या किती अंश उत्तरेला वा दक्षिणेला आहे ते) हवी असेल तर साइन(क्रांती) = साइन(अक्षाचा कल) × साइन(सूर्याचे रेखांश). रेखांश मार्चच्या वसंतसंपातापासून मोजायचे: २१ जूनला ९०, सप्टेंबरच्या संपाताला १८०.

सौर स्थिरांक १३६१ वॉट प्रति चौरस मीटर घेतला. जुन्या पुस्तकांत १३६७ किंवा त्याच्या आसपास असतो. त्यामुळे त्यांतले आलेख आपल्यापेक्षा दोन-तीन वॉट वर दिसतील. आकार तोच राहतो.

ध्रुवप्रदेशात टॅन × टॅन हा गुणाकार १ च्या पुढे जातो आणि स्प्रेडशीट चूक दाखवून थांबते. तो −१ ते १ मध्ये कोंडून ठेवला की मध्यरात्रीचा सूर्य आणि ध्रुवीय रात्र आपोआप बरोबर येतात.

गणित बरोबर आहे की नाही, यासाठी एक स्वस्त कसोटी: सर्व अक्षांश आणि पूर्ण वर्ष यांची सरासरी ३४०.३ वॉट आली पाहिजे. अक्षांशांची सरासरी काढताना प्रत्येकाला कोसाइनचे वजन द्यायचे आणि वर्षाची काढताना काळाचे. रेखांशाच्या समान पायऱ्या म्हणजे समान दिवस नव्हेत.

२१ सप्टेंबर २०२४

कक्षेचे आकडे जाक लास्कार आणि सहकाऱ्यांच्या २००४ च्या गणितातून घेतले. फाइलीत चार रकाने आहेत: काळ (हजार वर्षांत, २००० सालापासून मागे उणे), उत्केंद्रता (कक्षा वर्तुळापासून किती हटली ते), अक्षाचा कल आणि चल वसंतसंपातापासून मोजलेले उपसूर्य बिंदूचे (पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ येते त्या जागेचे) रेखांश. दोन्ही कोन रेडियनमध्ये.

फाइल उघडताना तीन ठिकाणी अडते. पहिले, संख्यांचे घातांक फोर्ट्रानच्या जुन्या रीतीने ‘डी’ अक्षराने लिहिलेले आहेत; पायथन किंवा स्प्रेडशीट त्यांना संख्या मानतच नाही. आधी ‘डी’च्या जागी ‘ई’ घालून घ्यायचा. दुसरे, काळाचे चिन्ह. इथे भूतकाळ उणे असतो, तर गाळाच्या फाइलींत ‘इतकी हजार वर्षे पूर्वी’ असा धन. न बदलता एकावर एक ठेवले तर एक आलेख उलटा धावतो, आणि चक्रे नियमित असल्याने ती गफलत नजरेला पटकन खुपत नाही.

तिसरी अडचण सर्वांत महागात पडते. आजच्या ओळीत उपसूर्याचा कोन १.७९६ रेडियन, म्हणजे १०२.९ अंश आहे. हा सूर्यावरून पाहिलेल्या पृथ्वीचा कोन. आपले सूत्र पृथ्वीवरून दिसणाऱ्या सूर्याचे रेखांश वापरते, म्हणून १८० मिळवून २८२.९ घ्यायचे. सूर्य तिथे जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात असतो, आणि पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ येते तीही तेव्हाच. १८० विसरले तर उपसूर्य जुलैत जातो आणि ६५ अंशांवरची जूनची शक्ती ४७८ ऐवजी ५१० वॉट येते. आलेख तरीही छान लहरदार दिसतो, फक्त प्रत्येक हिमयुग अर्धे चक्र चुकलेले.

या गणिताची मर्यादाही फलकावर हवी. ग्रहांची गती लांब पल्ल्यावर अनिश्चित होत जाते. चार-पाच कोटी वर्षांपलीकडे तपशीलवार आलेख विश्वासाचा राहत नाही. आपल्या पायाखालचा डेक्कन ट्रॅपचा बेसॉल्ट सुमारे ६.६ कोटी वर्षांचा आहे. त्या काळासाठी या घड्याळाचा एकच काटा धड उरतो: शुक्र आणि गुरू यांच्यामुळे उत्केंद्रतेत येणारे ४ लाख ५ हजार वर्षांचे चक्र.

२९ सप्टेंबर २०२४

आजचा दिवस सर्वांत फलदायी. आजची स्थिती आणि ९ हजार वर्षांपूर्वीची स्थिती समोरासमोर ठेवली. जुन्या स्थितीसाठी जॉन कुट्झबाखच्या १९८१ च्या मॉन्सून-प्रयोगातले आकडे घेतले: उत्केंद्रता ०.०१९३, कल २४.२३ अंश, उपसूर्य ३० जुलैला. आज उत्केंद्रता ०.०१६७, कल २३.४४ अंश, उपसूर्य जानेवारीच्या सुरुवातीला.

दक्षिणायन सुरू होते त्या दिवसाची शक्ती:
६५ अंश उत्तर: आज ४७८, तेव्हा ५२३ वॉट.
पुणे, १८.५ अंश: आज ४५२, तेव्हा ४८२ वॉट.

पुण्यातली वाढ ३० वॉट, म्हणजे साडेसहा टक्क्यांच्या आसपास. आता घटक सुटे केले. अंतर आजचेच ठेवून फक्त अक्षाचा कल २४.२३ केला. ६५ अंशांवर सुमारे १३ वॉट वाढले. पुण्यात एक वॉटही वाढला नाही. उरलेली सगळी वाढ परांचनाची (अक्षाच्या भोवऱ्यासारख्या संथ डुलण्याची), म्हणजे उपसूर्य बिंदू जुलैत असण्याची.

प्रकल्पाचा गाभा हाच आहे. आपल्या पट्ट्यातल्या ऐन उन्हाळ्याच्या सूर्यावर कलाच्या ४१ हजार वर्षांच्या चक्राची छाप जवळजवळ नाही. १९ आणि २३ हजार वर्षांच्या परांचन चक्राचे राज्य आहे. ६५ अंशांच्या आलेखात ही दोन्ही मिसळलेली असतात. तोच आलेख भारताच्या पावसासमोर ठेवला की ४१ हजारांचे चक्र नसलेल्या ठिकाणीही शोधले जाते.

एक योगायोग नोंदवण्यासारखा. पुण्यात मध्यान्हीची सावली नाहीशी होते ती १३–१४ मे आणि ३० जुलैच्या आसपास. ९ हजार वर्षांपूर्वी सूर्य परतीच्या वाटेवर पुण्याच्या डोक्यावर येई, जवळपास त्याच सुमारास पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ असे. शून्य सावली दिवस शाळांना ठाऊक आहे, म्हणून दुसऱ्या फलकाची सुरुवात इथूनच करायची.

१२ ऑक्टोबर २०२४

कक्षेचा फलक. दोन टाचण्या आणि दोऱ्याची लंबवर्तुळे बाद केली. अर्धदीर्घाक्ष १ मीटर धरला तर आजच्या उत्केंद्रतेला सूर्य केंद्रापासून १६.७ मिलिमीटर सरकतो, पण कक्षेची आडवी बाजू फक्त ०.१४ मिलिमीटरने आखूड होते. पेन्सिलची रेघ त्याहून जाड असते. उत्केंद्रता ०.०५८ झाली, म्हणजे जवळजवळ कमाल, तरी सूर्य ५८ मिलिमीटर सरकतो आणि कक्षा दोन मिलिमीटरही चपटी होत नाही. म्हणून सनबोर्डवर सरळ वर्तुळ काढायचे आणि सूर्याची टाचणी सरकवायची. अंड्यासारखी कक्षा दाखवणारे चित्र पाहून मुलांना वाटते की अंतर बदलल्यानेच उन्हाळा-हिवाळा होतो. ते चित्र कुठेही येऊ द्यायचे नाही.

फलकाखाली दोनच आकडे. आज जवळच्या आणि दूरच्या टोकाला मिळणाऱ्या उन्हात ६.९ टक्के फरक पडतो, उत्केंद्रता ०.०५८ असताना तो २६ टक्के होतो. पण वर्षभराची जागतिक सरासरी या साऱ्या बदलात अर्ध्या वॉटनेच हलते. उत्केंद्रता स्वतः पृथ्वी तापवत नाही, ती परांचनाला बळ देते. ती शून्याजवळ गेली की उपसूर्य जुलैत असो वा जानेवारीत, फरक पडत नाही. सुमारे ४ लाख वर्षांपूर्वी तसे झाले होते, आणि आताही उत्केंद्रता घटतेच आहे.

२० ऑक्टोबर २०२४

महिन्यांचा घोळ मिटवला. केप्लरच्या दुसऱ्या नियमाने पृथ्वी सूर्याजवळ वेगाने सरकते. आज मार्च ते सप्टेंबर संपातांमधला काळ १८६ दिवसांचा आणि उरलेला १७९ दिवसांचा आहे. ९ हजार वर्षांपूर्वी उन्हाळी अर्धे आखूड होते. त्यामुळे आजचे ‘१ सप्टेंबर’ तेव्हाच्या ऋतूवर चिकटवले तर शरद ऋतूत काही दिवसांची सरक येते आणि ती हवामानबदल म्हणून वाचली जाते. स्प्रेडशीटमधून तारखा काढल्या, फक्त सूर्याचे रेखांश ठेवले. पावसाळ्यासाठी ७० ते १८७ अंश, म्हणजे आजचे १ जून ते सप्टेंबरअखेर.

यातून निघालेली दुसरी गोष्ट चौकटीत घ्यायची. एका रेखांशापासून दुसऱ्यापर्यंत मिळणारी एकूण ऊर्जा परांचनावर अवलंबूनच नसते. सूर्य जवळ असताना ऊन अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात वाढते, आणि पृथ्वी तो टप्पा नेमक्या त्याच प्रमाणात लवकर ओलांडते. जास्त तळपणारा उन्हाळा तेवढाच छोटा. पीटर ह्यूबर्सने २००६ मध्ये याच मुद्द्यावरून, दहा लाख वर्षांपूर्वीची हिमयुगे ४१ हजार वर्षांच्या तालावर का चालत, याचे स्पष्टीकरण मांडले: बर्फ वितळणे उन्हाळ्यातल्या एकूण ऊर्जेवर ठरत असेल तर परांचन बाजूला पडते आणि कल उरतो. मॉन्सूनचे तसे नाही. जमीन आणि समुद्र यांच्या तापण्यातली तफावत ऐन उन्हाळ्यात किती टोकाला जाते, हे तिथे महत्त्वाचे. म्हणून बर्फासाठी बेरीज आणि पावसासाठी तीव्रता असे दोन वेगळे रकाने ठेवले.

९ नोव्हेंबर २०२४

दिवाळीनंतर गाळाकडे वळलो. लोरेन लिसिएकी आणि मॉरीन रेमो यांनी २००५ मध्ये ५७ ठिकाणच्या नोंदी एकत्र करून केलेली ५३ लाख वर्षांची मालिका घेतली. मोजलेली गोष्ट: समुद्रतळावर राहणाऱ्या फोरॅमिनिफेरा या सूक्ष्म एकपेशीय जीवांच्या कवचातले ऑक्सिजन-१८ चे प्रमाण. बर्फाच्या थरांत हलका ऑक्सिजन-१६ अडकतो, समुद्रात जड उरतो. पाणी थंड असेल तर कवचात आणखी जड येतो. म्हणजे आकडा मोठा, तर बर्फ जास्त. आज सुमारे ३.२, शेवटच्या हिमयुगाच्या ऐन भरात सुमारे ५. उभा अक्ष उलटा लावायचा, नाहीतर पाहणारा हिमयुगाला उबदार काळ समजतो.

मालिकेत २११५ ओळी आहेत, पण पायऱ्या सारख्या नाहीत: ६ लाख वर्षांपर्यंत हजार-हजार, १५ लाखांपर्यंत दोन हजार, ३० लाखांपर्यंत अडीच हजार, पुढे पाच हजार. सरळ फूरिये रूपांतर (मालिकेतली चक्रे सुटी करणारे गणित) लावले तर संगणक सगळ्या पायऱ्या समान धरतो आणि एकाच ४१ हजारांच्या चक्राची दोन-तीन खोटी शिखरे दाखवतो. आधी खिडकी, म्हणजे काळाचा तुकडा, निवडायची, मग त्या खिडकीतल्या सर्वांत मोठ्या पायरीवर आणून मालिका समान करायची, मालिकेतला सरळ रेषेतला चढ किंवा उतार काढून टाकायचा, आणि मगच वर्णपट (कोणत्या लांबीच्या चक्रात किती जोर आहे तो आलेख). बारीक पायरीवर आणून ‘जास्त बिंदू’ मिळवण्यात फायदा नाही. नवी माहिती त्यातून येत नाही.

१६ नोव्हेंबर २०२४

दोन खिडक्या. गेली ७ लाख वर्षे: सर्वांत उंच शिखर १ लाख वर्षांच्या आसपास, मग ४१ हजार, मग २३ हजारांच्या जवळचे. १२ ते २६ लाख वर्षांपूर्वी: ४१ हजारांचेच राज्य. मधला बदल साधारण साडेबारा ते सात लाख वर्षांपूर्वी झाला. कक्षेत त्या वेळी असे काहीही घडले नाही. घड्याळ तेच राहिले, बर्फ आणि कर्बवायू यांची प्रतिसाद देण्याची रीत बदलली. १ लाख वर्षांचे चक्र हा या विषयातला सर्वांत अवघड प्रश्न आहे आणि फलकावर तो सोडवल्यासारखा दाखवायचा नाही.

वर्णपटातून किती वाचायचे याला गणिती मर्यादा आहे. उत्केंद्रतेत ९५ आणि १२४ हजार वर्षांची दोन चक्रे आहेत. त्यांच्या वारंवारतेतला फरक दर हजार वर्षांना ०.००२५. सात लाख वर्षांच्या खिडकीची फोड १/७००, म्हणजे ०.००१४, तेव्हा जेमतेम वेगळी दिसायला हवीत. पण कडा गुळगुळीत करायला हान खिडकी (मालिका दोन्ही टोकांकडे हळूहळू शून्यावर आणणारा गुणक) लावली की शिखरे दुप्पट रुंद होतात, फोड ०.००२९ वर जाते आणि दोन्ही मिळून एकच ढिगारा दिसतो. सात लाख वर्षांत १ लाखाची सातच चक्रे बसतात. ढिगाऱ्याला ‘१ लाख’ म्हणायचे; ‘९५’ म्हणायचे नाही.

शिखर खरे की योगायोगाचे, हे ठरवताना सपाट गोंगाटाशी तुलना करणे चूक आहे. हवामानाला स्मृती असते: या सहस्रकातला बर्फ पुढच्याही सहस्रकात बहुतेक तिथेच असतो. एका पायरीचा सहसंबंध या मालिकेत ०.९ च्या वर आहे. तेवढ्याच सहसंबंधाच्या हजार कृत्रिम मालिका बनवायच्या, प्रत्येकीचा वर्णपट काढायचा आणि ९५ टक्क्यांची रेषा त्यांच्यावरून ओढायची. मंद चक्रांकडे ही रेषा खूप वर असते.

३० नोव्हेंबर २०२४

आता खरा पेच. या मालिकेची वये आली कुठून? ६५ अंशांच्या जूनच्या सूर्यावर चालणारे बर्फाचे साधे प्रारूप घेऊन गाळाची वळणे त्याच्या वळणांशी जुळवली आहेत. जुळवणी हळुवार आहे, गाळ साचण्याच्या वेगात विचित्र उड्या येणार नाहीत याची काळजी घेतलेली आहे. तरी सूर्याच्या चक्रांनी वये लावायची आणि मग त्याच वयांवर सूर्याची चक्रे सापडली म्हणून पुरावा मानायचा, हे चालणार नाही.

तपासून पाहिले. स्मृती असलेली पण कोणतेही चक्र नसलेली कृत्रिम मालिका बनवली, तिची वळणे ६५ अंशांच्या आलेखाशी जुळवली. वर्णपटात ४१ आणि २३ हजारांची शिखरे उगवली. हा आलेख तिसऱ्या फलकावर जाणारच. पाहणाऱ्याला शंका घ्यायला शिकवणारा दुसरा इतका सोपा मार्ग नाही.

मग ह्यूबर्सची २००७ ची मालिका घेतली. तिच्यात वये गाळाच्या खोलीवरून काढली आहेत, सूर्याशी जुळवलेली नाहीत. तिथेही जुन्या खिडकीत ४१ हजार आणि नव्या खिडकीत १ लाख टिकून राहतात. २३ हजारांची पट्टी फिकी पडते, आणि ते अपेक्षितच: वयात सहा हजार वर्षांची चूक झाली तर ४१ हजारांचे चक्र थोडे विसकटते, पण २३ हजारांच्या चक्रात ती पाव फेरी होते. शिवाय गाळात राहणारे किडे वरचा दहाएक सेंटिमीटर थर ढवळत असतात. हजार वर्षांत दोन सेंटिमीटर गाळ साचत असेल तर पाच हजार वर्षे एकमेकांत मिसळली. परांचन शोधायचे तर झपाट्याने साचणारा गाळ हवा. जेम्स हेज, जॉन इम्ब्री आणि निकोलस शॅकल्टन यांनी १९७६ मध्ये दक्षिण हिंद महासागरातल्या दोन कोअरमधून (समुद्रतळातून काढलेल्या गाळाच्या उभ्या नळकांड्यांतून) सुमारे १ लाख, ४३, २४ आणि १९ हजार वर्षांची शिखरे दाखवली, तेव्हा कोअर निवडण्यातच अर्धे काम होते.

१५ डिसेंबर २०२४

पुणे जिल्ह्यातले उदाहरण मिळाले. जुन्नर तालुक्यात कुकडी नदीकाठी बोरी इथे गाळात ज्वालामुखीच्या राखेचा थर आहे; राख सुमात्रातल्या तोबा ज्वालामुखीची मानली जाते. तोबाचा सर्वांत अलीकडचा मोठा उद्रेक सुमारे ७४ हजार वर्षांपूर्वीचा, पण त्याआधीही त्याचे उद्रेक झाले आहेत. बोरीच्या राखेला प्रसिद्ध संशोधनांत ७४–७५ हजारांपासून १४ लाख वर्षांपर्यंत निरनिराळी वये दिली गेली. त्या थराशी निगडित गाळात अश्मयुगीन हत्यारे सापडतात, त्यामुळे हा वाद केवळ भूशास्त्राचा राहत नाही. थर डोळ्यांसमोर असूनही वय लाखो वर्षांनी पुढेमागे होऊ शकते, हे पुण्याच्या विद्यार्थ्याला बोरीवरून जितके पटेल तितके अटलांटिकच्या कोअरवरून पटणार नाही. तिसऱ्या फलकावर बोरी घेतली.

समोर उलट बाजूचे उदाहरण: पृथ्वीचे चुंबकीय ध्रुव शेवटचे पालटले तो काळ पोटॅशियम-आर्गॉन पद्धतीने ७ लाख ३० हजार वर्षांपूर्वीचा धरला जाई. शॅकल्टन आणि सहकाऱ्यांनी १९९० मध्ये कक्षेच्या घड्याळावरून तो ७ लाख ८० हजारांच्या आसपास असायला हवा असे सांगितले. पुढे सुधारित आर्गॉन-आर्गॉन मोजणीने त्यांच्या बाजूने कौल दिला. कक्षेवरून वय लावण्याची पद्धत टाकाऊ नाही. तिची तपासणी बाहेरच्या घड्याळाने व्हावी एवढेच.

२८ डिसेंबर २०२४

ते बाहेरचे घड्याळ मॉन्सूनसाठी गुहांमध्ये मिळते. युरेनियम पाण्यात विरघळते, थोरियम जवळजवळ विरघळत नाही. त्यामुळे छतावरून ठिबकणाऱ्या पाण्यातून नवा थर बसतो तेव्हा त्यात थोरियम-२३० नसते. पुढे युरेनियमपासून ते तयार होत जाते. अर्धायुष्य सुमारे ७५,६०० वर्षे, म्हणून साडेसहा लाख वर्षांच्या आसपासपर्यंत मोजता येते. बिघडते ते मातीमुळे. थरात चिखल अडकला की तो बाहेरचे थोरियम घेऊन येतो आणि वय फाजील जास्त निघते. थोरियम-२३२ मोजून तेवढे वजा करतात, पण फार मळकट थर टाकूनच द्यावा लागतो.

हाय चेंग आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये चीनमधल्या गुहांतून ६ लाख ४० हजार वर्षांची नोंद पूर्ण केली. तिची वये सूर्याशी जुळवलेली नाहीत, तरी तिच्या आलेखात परांचन ठळक उठून दिसते. आपला १८.५ अंशांचा उन्हाळ्याचा आलेख त्यावर ठेवला की शिखरामागून शिखर जुळत जाते. २९ सप्टेंबरला काढलेल्या आकड्यांचा हा स्वतंत्र पडताळा आहे. सुमारे ४ लाख वर्षांपूर्वी, उत्केंद्रता घटलेली असताना, सूर्याच्या आलेखात परांचनाच्या लाटा बसक्या होतात. अशा बसक्या जागांवर जुळणी शोधण्याचा आग्रह धरू नये.

दोन सावधगिऱ्या फलकावर. लवणस्तंभातला ऑक्सिजन एका जागचा पाऊस सांगतो की समुद्रापासूनच्या वाटेवरचा सारा पाऊस, हा वाद आहे. आणि अरबी समुद्राच्या गाळातल्या खुणा उन्हाळी वारे सूर्याच्या कमाल शक्तीनंतर सुमारे आठ हजार वर्षांनी जोर धरत असल्याचे सुचवतात, तर गुहा दोन-तीन हजार वर्षांचाच उशीर दाखवतात. वारा आणि पाऊस या एकच गोष्ट नव्हेत. दोन्ही आलेख शेजारी ठेवले.

लोणारचा विचार केला आणि वर्णपटापुरता सोडून दिला. तिथला सुमारे १० मीटरचा गाळ गेल्या अकराएक हजार वर्षांचा आहे, म्हणजे परांचनाची अर्धी फेरी. अर्ध्या फेरीचा वर्णपट काढणे निरर्थक. मात्र घसरण दाखवायला लोणार आणि राजस्थानातले लुणकरणसर दोन्ही उत्तम: ९ हजार वर्षांपूर्वीचा जोरकस मॉन्सून, मग सरोवरांचे आटणे. सूर्याची शक्ती सावकाश घटते, सरोवरे मात्र टप्प्याटप्प्याने कोरडी पडतात.

१४ जानेवारी २०२५

मकरसंक्रांतीचा उपयोग करून घेतला. उत्तरायण प्रत्यक्षात २१–२२ डिसेंबरला सुरू होते. संक्रांत १४ जानेवारीला येते. मधले दिवस म्हणजे साठलेले परांचन. अयनांश, म्हणजे साठलेला हा कोन, आज सुमारे २४.२ अंश, एका अंशाला सुमारे ७१.६ वर्षे, म्हणून उत्तरायणाची सुरुवात आणि संक्रांत हे दोन्ही बिंदू इसवी सन २८५ च्या सुमारास एकत्र होते. टिळक पंचांग रेवतीतला तारा शून्य धरते, बाकीची बहुतेक पंचांगे चित्रापक्षाची, म्हणजे चित्रा ताऱ्यावरून शून्य ठरवणारी. दोघांत सुमारे चार अंशांचा फरक, म्हणून टिळक पंचांगाची संक्रांत चारएक दिवस आधी येते. गती दोघांची एकच, शून्य वेगळा. गाळाच्या वयांचाही निम्मा वाद असाच असतो.

पूर्ण फेरी सुमारे २५,७७२ वर्षांची, मग हवामानात २१ हजार का? कारण उपसूर्य बिंदू स्वतःही ताऱ्यांच्या संदर्भात सुमारे १ लाख १२ हजार वर्षांत एक फेरी उलट बाजूने पुरी करतो. १/२५.८ + १/११२ = १/२१. ही बेरीज पाटीवर करून दाखवता येते. उत्केंद्रतेच्या चढउतारामुळे २१ ची फोड १९ आणि २३ अशी होते.

८ फेब्रुवारी २०२५

चौथा फलक: आजची तापमानवाढ. हा प्रश्न हमखास येणार, म्हणून उत्तर आकड्यांतच. ६५ अंशांवरची जूनची शक्ती ९ हजार वर्षांत ४५ वॉट घटली, म्हणजे शतकाला अर्धा वॉट, तीही एका अक्षांशावर, एका दिवशी, आणि दिशा थंडीकडे. अंटार्क्टिकातल्या डोम सी इथल्या ८ लाख वर्षांच्या बर्फात कर्बवायू दहा लाखांत सुमारे १७० ते ३०० भागांमध्येच हलतो. आज तो ४२० च्या पुढे आहे. २८० वरून ४२० झाल्याचा परिणाम सुमारे २ वॉट प्रति चौरस मीटर, सर्व अक्षांशांवर, बाराही महिने. कक्षेची चक्रे खरी आहेत, म्हणूनच त्यांच्यावरून आजच्या वाढीचा हिशेब लागत नाही.

डोम सीच्या फाइलीत बर्फाचे वय आणि वायूचे वय असे दोन रकाने आहेत. बर्फातले बुडबुडे वरच्या सच्छिद्र थरातून खाली जाऊन बंद होईपर्यंत हवा खेळती राहते, त्यामुळे वायू त्याच खोलीच्या बर्फापेक्षा हजारो वर्षांनी तरुण असू शकतो. कर्बवायूसाठी वायूचाच रकाना. चुकीचा घेतला तर तापमान आणि कर्बवायू यांत कोण आधी, याचे उत्तरच उलटते.

२२ फेब्रुवारी २०२५

छपाईला फायली दिल्या. स्प्रेडशीटमध्ये तीनच रकाने उघडे ठेवले: उत्केंद्रता, कल, उपसूर्याचे रेखांश, बाकी कुलूपबंद. उत्केंद्रता ० ते ०.०६, कल २२ ते २४.५ यांबाहेर आकडा गेला तर लाल. फलकांपाशी उभे राहणाऱ्यांनी प्रत्येक गटाआधी आजची स्थिती भरायची: ०.०१६७, २३.४४, २८२.९. उत्तर ६५ अंशांवर ४७८ आणि पुण्यात ४५२ यायला हवे. ५१० आणि ४८२ दिसले तर कोणीतरी १०२.९ भरलेले आहे. पुण्याचा आकडा तेव्हा ९ हजार वर्षांपूर्वीच्या खऱ्या आकड्याशी जुळतो, त्यामुळे ६५ अंशांचा आकडा पाहिल्याशिवाय पुढे जायचे नाही.